खिशाचं तेवढं लिही

४ जून १९८९

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खोलीत लोटांगण घालण्याइतकी जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात.)

नोकरी लागली. डोळे पूस आणि पुढचं वाच, कारण पुढचं वाचून पुन्हा पुसावे लागतील.

मी अर्ज केला होता कोर्टाच्या बातम्यांसाठी. त्यासाठी वर्षभर मी खटले पाठ केले आणि तुझं डोकं खाल्लं. मुलाखतीत संपादकांनी माझा अर्ज काही वाचला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. म्हणाले, कोर्टावर माणूस घेतला, पण फॅशनचं पान लिहिणाऱ्या बाई सोडून गेल्यात, ती जागा रिकामी आहे. मी म्हटलं, मला कपड्यांतलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, बाई आहात, कळेल. झाली नेमणूक. घरी येऊन आरशात बघितलं तर माझा कुर्ता उलटा होता. शिवणी बाहेर, लेबल हनुवटीखाली. साहेबांना बहुतेक ती नवी पद्धत वाटली असावी.

माझं टेबल राशिभविष्य लिहिणाऱ्या गृहस्थांच्या शेजारी आहे. त्यांनी माझं प्रेमाने स्वागत केलं. म्हणाले, आपला धंदा एकच, पुढच्या महिन्यात काय होणार ते लोकांना आजच ठणकावून सांगायचं.

एक वर्ष काढते आणि कोर्टावर बदली मागते.

तुझी,
गबाळी


११ जून १९८९

चि. गबाळीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले थोडे राखून ठेवले आहेत, तुला पुढे लागतील.

तुझं पत्र वॉर्डात मोठ्याने वाचलं. सगळ्या सिस्टर हसल्या. पोटाला टाके असलेल्या एका बाईंना हसायची मनाई होती, त्याही हसल्या, आणि मग डॉक्टर माझ्यावर ओरडले. इतकी वर्षं मेट्रन असून मला कुणी ओरडलं नव्हतं. तुझ्या पत्रकारितेचा हा पहिला परिणाम.

तुझी आई गेल्यावर तुला घरी आणलं, तेव्हापासून मी तुला ओळखते. एका रंगाचे दोन मोजे घालून तू शाळेत कधी गेली नाहीस. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती, की मुलीला घरात आरसा दाखवत जा. गबाळी हे नाव मी हौसेने ठेवलेलं नाही. आता तू शहराला कपडे शिकवणार. कर्म शहराचं.

ते असो. तिथे बसलीच आहेस तर एक काम कर. माझ्या युनिफॉर्मला दोन खिसे आहेत. एकात कात्री, थर्मामीटर आणि पेन, दुसऱ्यात पेशंट रडला तर रुमाल आणि मी दमले तर पेपरमिंट. तेवढ्यावर मी अख्खं हॉस्पिटल चालवते. पण सुट्टीच्या दिवशी बायकांचा कोट घालून बाहेर पडले की हात कुठे ठेवावेत कळत नाही. खिशासारखी शिवण दिसते, हात घालायला जावं तर ती नुसती शिवणच. हे कोण करतं आणि का करतं, ते शोधून काढ. बाकी तुझी फॅशन खड्ड्यात गेली तरी चालेल. खिशाचं तेवढं लिही.

आत्या


२० फेब्रुवारी १९९१

ती. आत्यास,

स. न. वि. वि. वर्षाची दोन वर्षं होत आली, हे मला माहीत आहे. त्यावरून टोमणा लिहायला घेतला असशील तर थोडी थांब, आधी माझी प्रगती ऐक.

फॅशन शोमध्ये खुर्च्यांच्या रांगा असतात आणि प्रत्येक खुर्चीवर बसणाऱ्याच्या नावाचा पुठ्ठा असतो. ज्याने गेल्या खेपेला भरपूर कौतुक लिहिलं तो पुढे, जो खरं बोलला तो मागे. मी पहिल्या शोबद्दल लिहिलं होतं, की आतले कपडे घालायला विसरलेल्या मुली थंडीने कुडकुडत चालत होत्या. त्यानंतर मला खुर्चीच मिळाली नाही. खांबाला टेकून उभी राहिले. पाचव्या रांगेतल्या लोकांनीही माझ्याकडे दयेने बघितलं.

आता मी भाषा शिकले आहे. वाईट हा शब्द आमच्यात नाही. अंगावर काहीच नसेल तर ते ‘धाडसी’. पोत्यासारखं असेल तर ‘मुक्त’. शिवण सुटली असेल तर ‘प्रामाणिक’. धुतल्यावर रंग गेलेला असेल तर ‘संयत’. आणि काय आहे तेच कळत नसेल तर ‘विचार करायला लावणारं’. एवढ्या पाच शब्दांवर मी खांबावरून चौथ्या रांगेत आले. माझ्याशेजारी दुसऱ्या वर्तमानपत्राच्या बाई बसतात. मी त्यांना मोत्यांची माळ म्हणते, कारण ती त्यांच्या गळ्यातून कधी उतरलेली बघितली नाही. त्या टाळीसुद्धा दोन बोटांनी वाजवतात. मीही तशीच वाजवते.

तुझ्या खिशाबद्दल लिहायचं आहे, पण सध्या विषयाला जागा नाही.

गबाळी


१ मार्च १९९१

चि. गबाळीस,

आशीर्वाद.

चौथ्या रांगेबद्दल अभिनंदन. दोन बोटांनी टाळी वाजवणारी मुलगी मी वाढवली, याचा अभिमान वाटून रात्री झोप आली नाही.

तुझे पाच शब्द सिस्टरांच्या खोलीत लावलेत. फार उपयोगी आहेत. काल एका शिकाऊ डॉक्टरने टाका घातला, तो मी ‘विचार करायला लावणारा’ आहे म्हणून सांगितलं. त्याला आनंद झाला. पेशंटला झाला नाही.

विषयाला जागा नाही म्हणतेस. परवाच्या तुझ्या पानावर अर्धं पान टोपीच्या पिसाला दिलं होतंस. पिसाला जागा आहे, माणसाच्या हाताला नाही.

ये एकदा. येते येते म्हणतेस, आणि येतं तुझं पत्र.

आत्या


२८ ऑगस्ट १९९५

ती. आत्यास,

बस. बसलीस? आता मीही बसणार आहे, पहिल्या रांगेत.

इथल्या सगळ्यात मोठ्या डिझायनरचा शो अठरा ऑक्टोबरला आहे. त्यांना आम्ही महर्षी म्हणतो. ते हसत नाहीत, उत्तर देत नाहीत आणि दाढीतून हात फिरवत शून्यात बघतात. त्यांच्या पहिल्या रांगेत बसायला लोकांची हयात जाते. माझ्या नावाचा पुठ्ठा तयार झाल्याचं त्यांच्या मदतनिसाने स्वतः फोन करून सांगितलं. मोत्यांची माळ अजून दुसऱ्या रांगेतच आहे. तिने माझं अभिनंदन केलं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

यंदाची कल्पना आहे ‘मोकळी पाठ’. पुढून सगळं बंद, मागून सगळं उघडं, आणि मध्ये दोन नाड्या. शहरात आतापासून तीच चर्चा आहे. बाजारात नकलासुद्धा आल्या.

खिशाचं राहिलंच बघ. मी महर्षींना एकदा विचारलं होतं. ते शून्यात बघून म्हणाले, खिसा म्हणजे कपड्याला आलेली सूज. सगळ्यांनी हे वाक्य लिहून घेतलं. मीही घेतलं.

आणि हो, कोर्टाची जागा रिकामी झाली होती. संपादकांनी विचारलं, हवी का. मी म्हटलं, बघू. आता बघायचं काय राहिलंय, तूच सांग. ज्या कामात माणूस वर चढतो तेच त्याचं काम.

तू निवृत्त होऊन बसलीस आणि मी पहिल्या रांगेत, किती छान.

गबाळी (आता हे नाव बदलायला हवं)


६ सप्टेंबर १९९५

चि. गबाळीस (बदलणार नाही),

आशीर्वाद.

पुठ्ठा मिळाला, छान झालं. ताठ बस. लहानपणी तू पाठीत बाक काढून बसायचीस. पहिल्या रांगेत ते सगळ्या शहराला दिसेल.

महर्षींना माझा निरोप सांग. सूज आली की तिच्याकडे शून्यात बघत बसायचं नसतं, डॉक्टर गाठून ती दाखवायची असते. मी हे लोकांना जन्मभर सांगत आले. स्वतःच्या बाबतीत माणूस उशीर करतो, तो भाग वेगळा.

तुझ्या त्या अठरा तारखेला माझंही हॉस्पिटलात एक काम आहे. जुन्या माणसांना अधूनमधून बोलावतात. त्याआधी थोडे दिवस तपासण्या वगैरे चालतील, म्हणून महिनाअखेरपासून पत्र तिथल्याच पत्त्यावर टाक. पत्ता तुला पाठ आहे.

माझा कोट फार सैल झालाय. तुझ्या भाषेत मुक्त. खाण्यावरची वासना उडाली की सगळे कपडे मुक्त होतात, त्याला डिझायनर लागत नाही.

शेजारच्या मास्तरांनी झाडांना पाणी घालायचं कबूल केलंय. त्यांना झाडं आवडत नाहीत, पण मला नाही म्हणायची त्यांची छाती नाही.

आत्या


१४ सप्टेंबर १९९५

ती. आत्यास,

घाईत आहे. निवृत्त झाल्यावरसुद्धा बोलावतात म्हणजे तुझ्याशिवाय तिथलं पान हलत नाही. तपासण्या तू घेणार म्हटल्यावर नव्या सिस्टरांची धडगत नाही. बिचाऱ्या.

कोट सैल झाला ते उत्तम. सध्या सैलच चालतात. आल्टर करू नकोस.

एक अडचण आहे. महर्षींच्या शोआधी रविवारचं पान काहीतरी चटकदार हवंय म्हणून संपादक पाठीमागे लागलेत. म्हणतात, मोकळ्या पाठीवर सगळ्यांनी लिहिलं, तुम्ही काय वेगळं देणार? माझे पाचही शब्द वापरून झाले. तुला काही सुचलं तर कळव. तुझी जीभ आहे तशी कागदावर आली तरी पान भरेल.

गबाळी


२ ऑक्टोबर १९९५

चि. गबाळीस,

आशीर्वाद.

सुचलं तर कळव म्हणालीस. सुचायची गरज पडली नाही, मिळालाच. मलाही एक मोकळ्या पाठीचा पोशाख दिला गेला आहे. निवड माझी नव्हती. त्याचं परीक्षण तुझ्याच भाषेत देते, म्हणजे तुला समजेल.

रंग संयत. एके काळी तो निळा असावा, पण बऱ्याच जणींनी घालून आणि बऱ्याच वेळा उकळून तो आता कुठल्याच रंगाला बांधील राहिलेला नाही. आकार मुक्त. माझ्यासारख्या दोघी आत राहतील आणि तिसरीला भेटायला बोलावता येईल. शिवण अत्यंत प्रामाणिक, डाव्या खांद्याजवळ तर अगदीच.

पुढची बाजू सभ्य बाईची. मागची बाजू धाडसी. दोन नाड्या आहेत, एक मानेशी आणि एक कमरेशी. मानेची हाताला लागते, कमरेची लागत नाही. ती दुसऱ्या कुणी तरी बांधावी लागते, आणि इथेच हा पोशाख विचार करायला लावतो. मी इतरांच्या अशा नाड्या हजारो वेळा बांधल्या असतील. फटाफट बांधायचे, बोलता बोलता, दुसरीकडे बघत. बांधून घेणारी बाई त्या वेळी भिंतीकडे तोंड करून काय बघत असते, हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. ती भिंत बघत असते.

या पोशाखात चालताना एक हात मागे धरावा लागतो. म्हणून सगळ्या बायका राण्यांसारख्या सावकाश चालतात. दागिने चालत नाहीत. अंगठीसुद्धा काढून घेतात. चष्मासुद्धा.

आणि खिसा नाही. रुमाल ठेवायला नाही, पेपरमिंट ठेवायला नाही, आणि हात थरथरला तर तो लपवायलाही नाही. ज्या कुणी हा बेतला त्याला वाटलं असावं, की हा घालून बाई जिथे जाणार तिथे तिला बरोबर काही न्यायचंच नाही. मला वाटतं, त्याला एकदा हा घालायला लावावा.

बस. यातलं काय हवं ते घे.

आत्या


९ ऑक्टोबर १९९५

ती. आत्यास,

तू म्हणजे कमाल आहेस. मी काहीच गाळलं नाही, सगळं छापलं. कालच्या रविवारी, पूर्ण पान, मथळा ‘आत्याबाईंची मोकळी पाठ’. मोकळ्या पाठीची इतकी झोंबरी टिंगल कुणी केली नव्हती. बाजारातली ती स्वस्त नक्कल तुला कुणी दिली? मास्तरांनी? आणि तू ती घातलीस? ते चित्र डोळ्यांसमोर आणून मी टेबलावर डोकं ठेवून हसले. भिंतीचं वाक्य तर फारच वर गेलंय, लोकांना ते काव्य वाटेल.

राशिभविष्यवाल्यांनी वाचून नुसता चष्मा पुसला. त्यांना विनोद कळत नाही. संपादकांनी मात्र खोलीत बोलावलं. पान हातात होतं. विचारलं, आत्या आता कशा आहेत? मी म्हटलं, ठणठणीत. त्यांनी पान नीट घडी करून ठेवलं आणि म्हणाले, तुमच्या घरातल्या बायका शूर आहेत. त्यांनी असं कौतुक आजपर्यंत कधी केलं नव्हतं.

महर्षी रागावतील अशी भीती होती, पण मदतनिसाचा फोन आला, की त्यांना ‘वेदना आवडली’. खुर्ची शाबूत आहे. अठराची वाट बघते. तुझंही त्या दिवशी काम आहे ना, ते कसं झालं कळव.

गबाळी


११ ऑक्टोबर १९९५

चि. गबाळीस,

आशीर्वाद.

पान बघितलं. इथे एकच वर्तमानपत्र येतं आणि ते बारा जणींत फिरतं. माझ्याकडे आलं तेव्हा भिंतीच्या वाक्याखाली कुणीतरी पेन्सिलने रेघ मारली होती.

मी ठणठणीत आहे, हे तू संपादकांना सांगितलंस ते बरं केलंस. माणसाने ठणठणीत असल्याची बातमी वर्तमानपत्रातूनच कळावी.

अठराचं कळवीनच. मी नाही कळवलं तर दुसरं कुणी कळवेल. तू ताठ बस.

आत्या


१४ ऑक्टोबर १९९५

आत्या,

टपाल आलं.

शिपायाने पोतंच आणून टेबलावर ठेवलं. सहा वर्षांत मला आलेली सगळी पत्रं एका बुटाच्या खोक्यात मावतात. मला वाटलं, महर्षींचे भक्त शिव्या देतायत. पहिलं उघडलं. एका बाईंनी लिहिलं होतं, माझा हिरवा होता, पित्ताशयाच्या वेळी. दुसरं एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. त्यांच्या बायकोने हा पोशाख घातला तेव्हा नाडी त्यांनी बांधली होती, पण ती भिंत बघत होती हे त्यांना तुझं वाचून कळलं. तिसरं एका मुलीचं, तिने नुसतं विचारलं होतं, आत्याबाईंचं ऑपरेशन झालं का. चौथ्यात तेच. पाचव्यात तेच. कशा आहेत, जेवतात का, कुणी सोबत आहे का.

अख्ख्या शहराला कळलं. राशिभविष्यवाल्यांना कळलं. संपादकांना कळलं. कपड्यांवर लिहिण्याची नोकरी फक्त माझी, आणि कपडा ओळखता आला नाही तो मला. हॉस्पिटलात खाटांखाली खेळून मोठी झाले मी. तोच गाऊन दोरीवर वाळत असायचा आणि मी त्याच्या खालून पळायचे.

तू सैल कोटाचं लिहिलंस, मी लिहिलं आल्टर करू नकोस. तू सूज म्हणालीस. तपासण्या म्हणालीस. तुझा पत्ता बदलला. मी एका खुर्चीच्या नादात काही म्हणजे काही वाचलं नाही. मला माझी इतकी लाज वाटते, की उपरोधसुद्धा सुचत नाही.

मी निघाले. हे पत्र आणि मी बहुतेक एकाच गाडीने येऊ. जे आधी पोचेल त्याला रागाव.

तुझी,
गबाळी


२९ ऑक्टोबर १९९५

ती. आत्यास,

सा. न. सुखरूप पोचले. तू मला वॉर्डातून हाकलून दिलंस त्याचा राग अजून आहे. दुसऱ्यांच्या नातेवाइकांना तू भेटीची वेळ संपली म्हणून बाहेर काढायचीस, तेव्हा ते काय पुटपुटायचे ते मला आता कळलं.

इकडची हकीगत ऐक. अठराला तुला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले होते, त्याच वेळी इथे पहिल्या रांगेत माझ्या नावाची खुर्ची रिकामी होती. अशी खुर्ची आजवर कधी रिकामी राहिली नव्हती. मोत्यांच्या माळेने दुसऱ्या दिवशी लिहिलं, की हा बहिष्कार आहे, आणि आत्याबाईंच्या लेखानंतर हे होणारच होतं. मग बाकीच्यांनीही लिहिलं. कपड्यांवर कुणीच लिहिलं नाही, सगळ्यांनी खुर्चीवर लिहिलं. नोकरीत मी केलेलं सगळ्यात गाजलेलं परीक्षण हेच, आणि ते करताना मी तिथे नव्हते.

महर्षी पहिल्यांदा चिडले, म्हणजे शून्यात न बघता थेट माणसांकडे बघितलं म्हणतात. पुढच्या शोला मी पुन्हा खांबाला. मदतनिसाने तसं कळवलं, फार नम्रपणे. मोत्यांची माळ मात्र ऑफिसात येऊन माझ्या खुर्चीवरचा पुठ्ठा देऊन गेली. वाटलं, टोचायला आली. पण तिने हळूच विचारलं, आत्याबाई कशा आहेत. तिची आई याच पोशाखात गेली.

संपादकांनी पुन्हा बोलावलं. म्हणाले, रोज पत्रं येतायत, आत्याबाई पुन्हा कधी लिहिणार? दर रविवारी लिहितील का? मी म्हटलं, विचारते. मग मी त्यांना म्हटलं, की मला पुढचं पान खिशावर लिहायचंय, आणि त्यात महर्षींचं सुजेचं वाक्य घालायचंय. ते म्हणाले, खांब आवडतो वाटतं. मी म्हटलं, टेकायला बरा असतो.

लिहितेच आहे. शोधलं, कोण करतं आणि का करतं. उत्तर ऐकून तुझे टाके दुखतील, म्हणून रविवारी छापूनच पाठवते.

सोबत पार्सल आहे. तुमच्या धोब्याच्या हातापाया पडून एक गाऊन आणला होता. त्याला खिसा लावलाय. मी लावलाय, माझ्या हातांनी, तेव्हा कुणा शिंप्याला नावं ठेवू नकोस. बोटात सुई गेली, दोनदा उसवला, एकदा खिसा गाऊनऐवजी माझ्याच स्कर्टला शिवला गेला. राशिभविष्यवाले बघत होते. त्यांनी सांगितलं, तुमच्या राशीला शिवणकाम नाही. आत काय आहे ते तूच बघ.

रिपोर्ट आला का? एका ओळीत सरळ लिही. परीक्षण नको.

तुझी,
गबाळी


५ नोव्हेंबर १९९५

चि. गबाळीस,

अनेक आशीर्वाद. राखून ठेवलेलेही यातच आले.

रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली. एवढं नाटक करून साधी. टाके एका ठिकाणी भरत नाहीत म्हणून अजून इथेच ठेवलंय. ही एक ओळ नाही, चार झाल्या, पण मीही आता लेखिका आहे.

तुला सरळ का लिहिलं नाही, असं तू इथे विचारलंस आणि मी झोपेचं सोंग घेतलं. आता लिहिते. सरळ लिहिलं असतं तर तू खुर्ची सोडून धावत आली असतीस, आणि जन्मभर मला वाटत राहिलं असतं, की पोरगी पुढे गेली ती मीच मागे ओढली. आणि न लिहिता मला राहवेना. भीती वाटत होती. मला, मेट्रनला. भिंतीला सांगून झालं, मग तुला सांगितलं. तू ते सगळ्या शहराला सांगितलंस. चालायचंच, तोंडाळ भाची असली की असं होतं.

तुझ्या संपादकांना कळव, दर रविवारी जमणार नाही. मी काही राशिभविष्य नाही. सांगण्यासारखं असेल तेव्हा लिहीन आणि त्यातला एक शब्द बदलला तर हॉस्पिटलातून उठून येईन.

आता तुझ्या शिवणीचं परीक्षण. खिसा वाकडा आहे. डावीकडून खाली ओघळलाय, धागा काळा आणि गाऊन निळा, आणि एका कोपऱ्यात तू इतके टाके घातलेस की तो भाग ऑपरेशन झाल्यासारखा दिसतो. सिस्टरांनी बघून एकमेकींकडे बघितलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या आहेत, त्यामुळे हसायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात मात्र नीट बसतो. दोन्ही बसतात. परवापासून या खोलीतल्या बाकीच्या बायका विचारतायत, आम्हाला कधी. तेव्हा कापड आणि सुई घेऊन ये, तुला काम आहे.

खिशात पेपरमिंट होतं, ते संपलं. तुझ्या नावाचा पुठ्ठा होता. तो मी माझ्या खाटेशेजारच्या खुर्चीवर लावून ठेवलाय. कुणी बसायला आलं की उठवते. काल डॉक्टरांना उठवलं. त्यांनी वाचून विचारलं, या कोण. मी म्हटलं, पहिल्या रांगेतल्या आहेत, येतील.

खुर्ची लोखंडी आहे आणि पाठ दुखते. येताना उशी घेऊन ये.

आत्या